वादविवादात अडलो तो प्रश्न

वादविवादात मी ठासून म्हणालो, "लोकनियुक्त सरकारचा आदेश सैन्याने पाळायचा, बस्स!" आधार १९९४ च्या बुडापेस्ट आचारसंहितेचा. सैन्यावर लोकशाहीचे नियंत्रण हवे, हे अमेरिका, रशिया आणि युरोपीय देशांनी तीत मान्य केले होते.

समोरच्या कॅडेटने विचारले, "पुढे काय झाले?"

परिषद ५-६ डिसेंबरला झाली. ११ ला रशियन फौजा चेचन्यात शिरल्या. आदेश निवडून आलेल्या अध्यक्षांचाच. जनरल वोरोब्योव्ह यांनी मात्र, तयारी नाही म्हणून, नेतृत्व नाकारले. बंड केले नाही, राजीनामा दिला.

मी गप्प. वरिष्ठाचा आदेश होता म्हणून कनिष्ठाची जबाबदारी सुटत नाही, हे त्याच संहितेतले कलम मी वाचलेच नव्हते!

बाबा सुभेदार आहेत. रविवारी फोनवर त्यांना विचारले. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सुट्टीत ये. हे फोनवर नको."