छताचे कान

भिंतीला कान असतात, ही म्हण कारस्थानी माणसांसाठी झाली. नाट्यगृहात कान असतात ते छताला. गिरगाव-दादर-परळ पट्ट्यातल्या एखाद्या सभागृहात वर बारीक भोकांच्या किंवा खडबडीत फरशांचं छत दिसलं, तर ते शोभेसाठी बसवलेलं नसतं. पण काही वर्षांत ते काळवंडतं, एसीच्या जाळ्यांभोवती धूळ धरते, पावसाळ्यात पिवळट डाग उमटतात आणि व्यवस्थापनाला रंगारी आठवतो. प्लास्टिक इमल्शनची बादली, रोलर, दोन हात, छत पांढरंशुभ्र. माझं म्हणणं असं, की या छतापुरती सफाई आणि रंगकाम ही दोन वेगळी कामं आहेत, बरेचदा एकमेकांच्या मुळावर उठणारी. रंग हा इथे शेवटचा उपाय असायला हवा. तो पहिला होऊन बसला आहे.

या फरशा खनिज धाग्यांच्या असतात आणि त्यांचं सगळं सामर्थ्य त्यांच्या छिद्रांत असतं. आवाजाची लाट छिद्रात शिरते, आतल्या हवेचं धाग्यांशी घर्षण होतं आणि तिची शक्ती अगदी किंचित उष्णतेत विरून जाते. छिद्रांवर रंगाचा पापुद्रा आला, की लाट आल्या पावली परत फिरते. किती परत फिरते याचा हिशेब हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी लावून ठेवला आहे. 1895 साली त्यांच्याकडे एक घुमणारी व्याख्यानाची खोली सोपवण्यात आली, तेव्हा शेजारच्या थिएटरातल्या गाद्या रात्री उचलून आणून त्यांनी आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यांच्या सूत्राने उदाहरणादाखल 3000 घनमीटरचं सभागृह घेऊ. त्यातलं एकूण शोषण 480 चौरस मीटरइतकं असेल, तर घुमारा साधारण 1 सेकंद टिकतो. संवादांना तो मानवतो. आता 250 चौरस मीटर छताचं शोषण रंगाने दर चौरस मीटरमागे 0.8 वरून 0.15 वर आलं, तर एकूण शोषण 320 च्या आसपास उतरतं आणि घुमारा दीड सेकंदावर जातो. अर्धा सेकंद म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण झपाट्याने बोलणारा मराठी नट तेवढ्यात दोन-तीन अक्षरं पुढे गेलेला असतो आणि मागची अक्षरं पुढच्यांवर चढतात. प्रेक्षकही आवाज शोषतात, माणशी सुमारे अर्धा चौरस मीटर. त्यामुळे ‘हाउसफुल्ल’ प्रयोगाला हा दोष झाकला जातो आणि तुरळक गर्दीला उघडा पडतो. ज्या नाटकाला आधीच प्रेक्षक कमी, त्याचेच संवादही कमी कळायचे, हा अन्याय रंगाच्या बादलीतून येतो.

मात्र प्रत्येक छत शोषण्यासाठी नसतं. चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालं. तिथलं छत गॅलरीतल्या माणसालाही शब्द स्पष्ट पोहोचावा म्हणून घडवलेलं आहे, आणि ते काम आवाज गिळून नव्हे, फेकून होतं. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर इथे गायले. 1993 साली बंद पडलेली ही वास्तू आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली सावरून 2016 मध्ये पुन्हा उघडली. अशा कठीण गिलाव्यावर रंगाचा हात दिला, तर आवाजाचं काही बिघडत नाही. आधुनिक सभागृहातही रंगमंचालगतचं छत बहुधा आवाज मागे पाठवणारं असतं आणि शोषणारा भाग मागे. म्हणून परांचीवर चढण्याआधी वरचा कुठला भाग काय करतो, हे ठरवावं लागतं. सरसकट एकच रंग फासणं हे त्या छताची रचनाच न वाचल्याचं लक्षण.

सफाईची रीत साधी आहे आणि तिच्यात पाणी जवळजवळ नाही. मऊ ब्रश लावलेला व्हॅक्युम, मग कोरडा स्पंज, तोही एकाच दिशेने, न घासता. ओलं फडकं मारलं, तर धूळ छिद्रांत बसते आणि मुंबईच्या दमट हवेत आधीच ओल प्यायलेली फरशी मध्ये झोळ देते. डाग असेल तर आधी गळकी पाइपलाइन किंवा गच्ची. कारण न शोधता डाग झाकला, तर पुढच्या जुलैत तो परत येतो. बुरशी आत शिरलेली फरशी बदलावी. आणि जुन्या छताला हात लावण्याआधी त्यात अॅस्बेस्टॉस नाही, हे प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. इथे काटकसर नको.

यावर म्हणतील, आता माइक आहेत, छताची काय मातब्बरी? माइक शब्दाबरोबर घुमाराही मोठा करतो. आवाज वाढवला म्हणून अक्षर सुटं होत नाही. दुसरा आक्षेप: मळकं छत गिऱ्हाइकाला दिसतं. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर दिवेच मालवतात, हे त्याचं निम्मं उत्तर. वर्गात किंवा कचेरीत उजेडासाठी पांढरेपणा लागतो, ते मान्य. तिसरा आक्षेप मात्र खरा वजनदार आहे. अमेरिकेत 1920 च्या दशकात उसाच्या चिपाडाच्या अॅकोस्टी-सेलोटेक्स फरशांना मोठी भोकं पाडली जात, ती वरून रंगवल्या तरी आवाज आत शिरत राहावा म्हणूनच. म्हणजे रंग आणि शोषण एकत्र नांदू शकतात. नांदतात, पण भोकं उघडी राहिली तर. बारीक छिद्रांच्या फरशीला रोलर वर्ज्यच. ध्वनिशोषक छतासाठीचा खास पातळ रंग स्प्रेने, विरळ हाताने, आणि तोही आधी एका सुट्या फरशीवर मारून पाहून.

नाट्यगृहांच्या विश्वस्तांना आणि महापालिकेच्या अभियंत्यांना विनंती एकच: रंगकामाच्या निविदेत घुमाऱ्याचं मोजमाप कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा बंधनकारक करा, आणि दुसरा आकडा वाढलेला दिसला तर बिल अडवा.