दंडावर पट्टा, जीव टांगणीला

१८ जून १९७२, रविवारची दुपार. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रसेल्सकडे निघालेलं ट्रायडंट विमान उड्डाणानंतर जेमतेम अडीच मिनिटांत स्टेन्स गावाजवळ कोसळलं. आतली ११८ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कमी वेगात विमानाला तोलून धरणारा, पंखांच्या पुढच्या कडेचा भाग वेळेआधीच आत घेतला गेला होता. तसं का झालं, याचा शोध घेताना तपासकांचं लक्ष कॅप्टन स्टॅन्ले की यांच्या हृदयाकडे गेलं. वय ५१. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या आतून जाड झालेल्या दिसल्या आणि एका धमनीच्या भिंतीत ताजा रक्तस्राव आढळला. तो मृत्यूच्या आधीच्या दोन तासांतला असावा, असं वैद्यकीय मत पडलं. उड्डाणाच्या सुमारे दीड तास आधी संपाच्या प्रश्नावरून त्यांचा एका सहकाऱ्याशी जोरदार वाद झाला होता. त्या संतापात रक्तदाब चढला आणि आधीच दुबळी झालेली भिंत फाटली असावी, अशी साक्ष चौकशीत झाली.

कॅप्टन की वैद्यकीय तपासणीत पास झालेले होते. वैमानिकांच्या मेडिकलबद्दल विचार करताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही. ही तपासणी कडक असायलाच हवी, कारण त्या एका माणसाच्या छातीवर शेकडो जीव विसंबलेले असतात. पण तपासणीच्या दिवशी जे दिसतं, तेवढंच त्या कागदावर उतरतं. उरलेल्या दिवसांचं काय, हे ज्याचं त्यालाच पाहावं लागतं.

आकडे बघितले की हे आणखी स्पष्ट होतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम एवढंच सांगतो की रक्तदाब प्राकृत मर्यादेत असावा. नेमकी रेषा देशोदेशीचे नियामक ठरवतात. अमेरिकेत ती १५५/९५ आहे, मग वैमानिक प्रवासी विमानाचा असो की हौसेने छोटं विमान उडवणारा. युरोपात ती १६०/९५ आहे. आता शेजारी दवाखान्यातला आकडा ठेवून पाहा. १४०/९० च्या वर गेलं की जगभरातले डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० पर्यंत खाली आणली. म्हणजे १५०/९२ असलेला पस्तिशीचा वैमानिक अमेरिकेत खुशाल पास होतो, प्रमाणपत्र खिशात घालून घरी येतो आणि पुढच्या मेडिकलपर्यंत विषय मिटला असं समजतो. त्याच्या धमन्या मात्र दुखणं मुकाट सोसत राहतात. परवान्याची रेषा आणि तब्येतीची रेषा या दोन वेगळ्या रेषा आहेत, हे वैमानिकाला पहिल्याच वर्षी कुणीतरी समजावून सांगायला हवं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रक्तदाब मोजणारा माणूस समोर आला की रक्तदाब वाढतो. इटलीत ज्युसेप्पे मांचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे मोजून दाखवलं. रुग्णांच्या धमनीतच नळी बसवलेली होती, त्यामुळे दाब अखंड नोंदला जात होता. डॉक्टर खाटेजवळ आले आणि पहिल्या काही मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ ने आणि खालचा १५ ने उसळला. या माणसांची नोकरी त्या आकड्यावर अवलंबून नव्हती. मग ज्याचं विमान, पगार आणि घराचा हप्ता त्या पट्ट्यात अडकलेला आहे, त्याचं काय होत असेल! घरी १२८ असलेला माणूस तिथे १६० दाखवतो आणि तो आकडा पाहून आणखी धास्तावतो.

म्हणून मोजण्याची रीत सांभाळणं हा वैमानिकाचा हक्क आहे आणि त्याने तो संकोच न करता मागावा. आधी पाच मिनिटं शांत बसू द्यावं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात हृदयाच्या उंचीवर, खाली आधार देऊन. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी आकडा सात-आठने फुगतो. हे शुद्ध पदार्थविज्ञान आहे. पट्टा उघड्या दंडावर हवा, शर्टाच्या बाहीवर नव्हे. दंड जाडजूड असेल तर मोठा पट्टा मागावा, कारण आखूड पट्टा हमखास जास्त आकडा दाखवतो. लघवी करून यावं. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नको. मोजताना बोलू नये, डॉक्टर आपुलकीने गप्पा मारत असले तरी. आणि पहिला आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगावं. यात लबाडी काहीच नाही. असं मोजलं तरच तो आकडा खरा.

सगळ्यात मोठा गैरसमज गोळीबद्दल आहे. बीपीची गोळी सुरू झाली की उडणं संपलं, असं आजही अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती तशी नाही. रोजच्या वापरातली बहुतेक औषधं अमेरिकेत चालतात. गोळीने दाब आटोक्यात असेल, सात दिवस तब्येत स्थिर असेल आणि गोळीचा त्रास होत नसेल, तर तपासणारा डॉक्टर सहसा तिथल्या तिथे प्रमाणपत्र देऊ शकतो. थेट मेंदूवर काम करणारी क्लोनिडीनसारखी औषधं मात्र चालत नाहीत. त्यांनी गुंगी येते आणि एखाद-दोन गोळ्या चुकल्या तर दाब उलटा उसळतो. वेळी-अवेळी उड्डाण करणाऱ्याच्या हातून गोळी चुकणारच, त्यामुळे ही बंदी रास्त आहे.

तरीही भीती जात नाही. अमेरिकेतल्या ३,७६५ वैमानिकांची एक पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५६ टक्के वैमानिकांनी सांगितलं की मेडिकल जाईल या धास्तीने त्यांनी कधी ना कधी वैद्यकीय मदत टाळली आहे. निम्म्याहून जास्त! हा दोष एकट्या वैमानिकांच्या माथी मारता येणार नाही. दुखणं सांगणाऱ्याला महिनोन् महिने जमिनीवर बसवणारी व्यवस्था असेल, तर माणसं दुखणं लपवणारच. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र लपवण्याचं कारण उरलेलं नाही. उलट अमेरिकेत मेडिकलच्या अर्जावर खोटं लिहिल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि ते अर्जावर छापलेलंच असतं.

गोळीच्या आधी ताट आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या प्रयोगात भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं, एकूण चरबी कमी केली आणि मीठ होतं तेवढंच ठेवलं. उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ ने उतरला. एखाद्या गोळीएवढाच हा गुण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते, म्हणजे एक छोटा चमचाही नाही. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांच्यावर वाढलेल्या मराठी जिभेला हे जड जातं. त्यात रात्रीची उड्डाणं, हॉटेलचं जेवण आणि तुटलेली झोप. सर्दीवरच्या काही गोळ्या आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकंही दाब वाढवतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

बारामती, गोंदिया, धुळे इथून आणि परदेशातल्या प्रशिक्षण संस्थांतून मराठी मुलं-मुली वैमानिक होत आहेत. त्यांच्या पालकांना एक विनंती. लाखो रुपयांची फी भरण्याआधी व्यावसायिक वैमानिकाला लागणारं क्लास वन मेडिकल करून घ्या. आणि मेडिकलची तारीख यायची वाट न पाहता घरात दंडावर बांधायचं एक चांगलं यंत्र आणा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजा, तारीख-वेळेसकट वहीत लिहा. आकडे सतत १३५/८५ च्या वर असतील, तर ती वही घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.