खालाच्या सेठचे घर

मे महिन्यात आमच्या शहापूर तालुक्यात दोन दृश्ये हमखास दिसतात. एक, मुंबईकडे जाणाऱ्या जाडजूड जलवाहिन्या आणि दुसरे, पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहणारी हंडे-कळशांची रांग. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे आमच्याच तालुक्यातली. तानसाचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे आमच्या पणजोबांच्या काळापासून इथले पाणी मुंबईला जात आहे. यंदाच्या सुट्टीत आम्हीही त्या पाण्याच्या मागोमाग मुंबईला गेलो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. निमित्त होते खालांचे. खालूंच्या इंतकालनंतर आमच्या खाला मुंबईला गेल्या आणि गेली एकोणीस वर्षे ब्रीच कँडीला एका सेठच्या घरी स्वयंपाक करतात. ईदनंतर दोन दिवस गावी येतात तेव्हा मुलांसाठी परदेशी चॉकलेटे आणतात आणि त्या घराच्या गोष्टी सांगतात. मुलांना ते घर पाहायचेच होते. यंदा सेठचे कुटुंब महिनाभरासाठी लंडनला गेले. जाताना मॅडम स्वतःच खालांना म्हणाल्या, "मुलांना बोलवा की एकदा. घर बघतील."

पहाटेची आसनगाव लोकल पकडून आम्ही सीएसएमटीला उतरलो आणि बेस्टच्या बसने मलबार हिलवर कमला नेहरू पार्कला गेलो. म्हातारीच्या बुटात शिरण्याइतकी आमची मुले आता लहान नाहीत, तरी दोघेही आत जाऊन आली. समोरची हँगिंग गार्डन म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान १८८१ चे. हिरवळीवर झाडे कापून केलेले हत्ती-घोडे पाहून मुलगी हरखली. तिला आम्ही सांगितले की या बागेखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे आणि दक्षिण मुंबईतल्या नळांना इथून पाणी जाते. ती थांबली, पायाखाली पाहू लागली. "म्हणजे आपलं पाणी इथे खाली आहे?"

मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते, त्यातला कोणता थेंब कुठला हे कोण सांगणार? पण काही थेंब आपल्याकडचे नक्की असतील, असे आम्ही तिला सांगितले.

जवळच २०२५ मध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारी ४८५ मीटर लांबीची लाकडी पायवाट सुरू झाली आहे. तिकीट २५ रुपये. दाट झाडी, पक्ष्यांचे आवाज आणि फांद्यांतून दिसणारा गिरगावचा समुद्र. देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी या टेकडीवर आमच्यासारख्यांनाही बाकावर बसता येते, हे पाहून बरे वाटले. वाचकांनी मुंबईला गेल्यावर हा भाग जरूर पाहावा.

तिथून केम्प्स कॉर्नरकडे उतरलो. वाटेत मुलाचे लक्ष सारखे अल्टामाउंट रोडच्या दिशेला होते. अंबानी कुटुंबाची सत्तावीस मजली अँटिलिया दिसताच त्याने मजले मोजायला सुरुवात केली. ही इमारत २०१० मध्ये पूर्ण झाली, उंची सुमारे १७३ मीटर, आणि राहणारे कुटुंब एकच. रस्त्यावर आमच्यासारखेच चार-पाच जण फोटो काढत होते. "एवढ्या वर पाणी कसं चढवत असतील?" मुलगा म्हणाला. शहापूरच्या मुलाला हाच प्रश्न पडणार!

पुढे भुलाभाई देसाई रोड, म्हणजे जुना वॉर्डन रोड. इथल्या सोफिया कॉलेजच्या आवारातले सॉमरसेट हाऊस एकेकाळी बदरुद्दीन तय्यबजी यांचे होते. ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि १८८७ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. त्यांनी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि मोहम्मद अली रोगे यांच्यासारख्या धनिक मंडळींनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. त्या काळच्या बड्या घरांतही नोकरचाकर होतेच आणि त्यांची नावे कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत. पण त्या संस्थेच्या शाळांत कारकून-कामगारांची मुले शिकली, आजही शिकतात. त्याच रस्त्यावरच्या ब्रीच कँडी क्लबचा पोहण्याचा तलाव फाळणीपूर्व हिंदुस्तानच्या नकाशाच्या आकाराचा आहे. नकाशा हिंदुस्तानचा, पण स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे त्यात पोहण्याची मुभा फक्त युरोपियनांना होती.

खालांची इमारत समुद्राच्या बाजूला. फाटकावर रखवालदाराने विचारले, "कुणाकडे?" आम्ही सेठचे नाव सांगितले. त्याने आमच्या पिशवीकडे पाहिले आणि पुन्हा विचारले, "सेठकडे, की त्यांच्या बाईकडे?" मग वहीत नाव, फोन नंबर, मोबाइलवर चौघांचे फोटो आणि वर फोन. पुढे संगमरवरी दालन, ताजी फुले, आरशासारखी चकचकीत लिफ्ट, दार उघडे, आत कुणी नाही. मुलगी तिकडे वळली तोच रखवालदार म्हणाला, "इधर से नहीं, पीछे से." मागे कचऱ्याच्या डब्यांशेजारी दुसरी लिफ्ट होती. तिथे भाजीवाला, इस्त्रीवाला, दोन डिलिव्हरीची मुले आणि एका पांढऱ्या कुत्र्याला फिरवून आणलेला माणूस असे सगळे रांगेत उभे होते. आम्हीही रांगेत लागलो. मुलाने हळूच विचारले, "अब्बू, ती लिफ्ट तर रिकामी आहे ना?" वर्गात कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणारे आम्ही दोघेही तेव्हा लिफ्टचा नंबर पाहत राहिलो.

खालांनी मागचे दार उघडले. घरात दोन स्वयंपाकघरे आहेत. एक पाहुण्यांना दिसणारे, त्यात फक्त कॉफीचे यंत्र आणि फळांची टोपली. दुसरे आतले, त्यात खरा स्वयंपाक होतो. त्याला लागून अरुंद बोळ, त्यात खालांची घडीची खाट आणि पत्र्याची पेटी. दिवाणखाना आमच्या शाळेच्या सभागृहाएवढा. काचेपलीकडे समुद्र, कोस्टल रोडवरून धावणाऱ्या गाड्या आणि उजवीकडे दूर हाजी अलीचा पांढरा दर्गा. एका खोलीत एसी सुरू होता. आत पलंगावर पर्शियन मांजर झोपली होती. "हिला गरमी सोसत नाही," खाला म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. त्यांच्या बोळात पंखा आहे, खिडकी नाही.

सेठच्या घरचा दिनक्रम खालांनी सांगितला. दोन ड्रायव्हर, वरकामाची मुलगी, मोठ्या अम्मांसाठी नर्स, नातवासाठी आया. सकाळी सेठसाठी वेगळी न्याहरी, व्यायाम शिकवणारा येतो त्या मुलासाठी वेगळी, परदेशात शिकून आलेल्या सुनेसाठी बदामाचे दूध. एकमेकांसोबत बसून जेवण आठवड्यातून एकदा झाले तर झाले. ड्रायव्हर तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून असतात, कारण कधी निघायचे ते कुणालाच ठाऊक नसते. "पैसा खूप आहे बेटा, पण घरात कुणी कुणाची वाट बघत नाही," खाला म्हणाल्या.

थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२४ मधील अभ्यासानुसार आपल्या देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण संपत्तीपैकी सुमारे ४० टक्के वाटा आहे. याच मुंबईत २०११ च्या जनगणनेप्रमाणे दहापैकी चार माणसे झोपडपट्टीत राहत होती. हे आकडे आम्ही वर्गात शिकवतो. त्या दिवशी ते एका फ्लॅटच्या दोन दारांमध्ये दिसले.

पण सेठचे कुटुंब दुष्ट मुळीच नाही. आम्ही असतानाच लंडनहून मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मुलाचे मार्क विचारले, मुलीला म्हणाल्या, "फ्रिजमधलं आइस्क्रीम खायचं, लाजायचं नाही." खालांच्या डोळ्याचे ऑपरेशन सेठनीच करून दिले. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करतात तेव्हा खालांच्या नावाचा लिफाफा वेगळा निघतो. त्याच रमजानमध्ये साठ-साठ पाहुण्यांची इफ्तारी खाला करतात आणि स्वतःचा रोजा ओट्याशी उभ्या उभ्या खजुराने सोडतात.

पगार अठरा हजार. तीन वर्षांत वाढलेला नाही. आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, कामाचा कागद नाही. "मागत का नाही?" आम्ही विचारले. "लिफाफा देतात ना रमजानमध्ये. कोणत्या तोंडाने मागू?"

आम्ही गप्प झालो. जकात ही जकात आणि पगार हा पगार. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, हे मक्तबमध्ये जाणारे मूलही सांगेल. पण देणाऱ्याच्या मेहेरबानीने घेणाऱ्याचे तोंड कसे बंद होते, ते आम्ही प्रथमच इतक्या जवळून पाहिले.

आम्ही सोबत एक अर्ज नेला होता. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. नोंदणी केली की आजारपण, अपघात, मुलांचे शिक्षण यांसाठी काही मदत मिळू शकते. मदत मोठी नसते, पण आपण कामगार आहोत याची सरकारदरबारी नोंद होते. वय साठच्या आत हवे. खाला अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. अर्जाला मालकाचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे मॅडमची सही.

"त्यांना वाटेल, एकोणीस वर्षांनी बाई कायदा शिकली," खाला म्हणाल्या. आम्ही बराच वेळ समजावले. हक्क, कायदा, म्हातारपण, सगळे सांगितले. खाला कणीक मळत ऐकत होत्या. शेवटी हात थांबवून म्हणाल्या, "बेटा, तुमच्याकडे भांडी घासायला येते, तिला दिलाय का हा कागद?"

मुलांनी आमच्याकडे पाहिले. या वेळी पाहायला लिफ्टचा नंबरही नव्हता.

आमच्याकडे मावशी सहा वर्षांपासून येतात. जवळच्या पाड्यावर राहतात. मे महिन्यात त्या रोज उशिरा येतात, कारण टँकर आल्याशिवाय घर सोडता येत नाही. त्यावरून आम्ही त्यांना याच महिन्यात दोनदा बोललो होतो. ईदला साडी देतो, दिवाळीला मिठाई देतो, म्हणून आपण चांगलेच वागतो अशी आमची समजूत होती. खालांच्या सेठचीही तशीच समजूत असणार. फरक एवढाच की आमच्या घराला दुसरी लिफ्ट नाही.

परतीच्या लोकलमध्ये फारसे कुणी बोलले नाही. मुलगी खिडकीतून जलवाहिनी शोधत होती, पण अंधार झाला होता.

सोमवारी मावशी आल्यावर आम्ही त्यांना बसायला सांगितले आणि दुसरा अर्ज पुढे ठेवला. कागद पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "काम सुटलं का माझं, गुरुजी?" सहा वर्षांत आमच्या घरातून त्यांना मिळालेला हा पहिलाच कागद होता. समजावून सांगायला अर्धा तास लागला. मालकाचा दाखला आम्ही स्वतःच्या हाताने लिहिला, रविवारची पगारी सुट्टी ठरवली आणि टँकरच्या दिवसांत यायची वेळ त्यांनीच सांगायची असे ठरले. पगारवाढीची रक्कम आमच्या तोंडातून निघायला मात्र थोडा वेळ लागला, हेही कबूल केले पाहिजे.

खालांचा अर्ज अजून त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. मॅडम जूनमध्ये परततील. काल रात्री फोनवर आम्ही मावशींच्या नोंदणीची पावती आल्याचे सांगितले. खाला थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो दाखला कसा लिहिलात, जरा वाचून दाखवा." आम्ही वाचला. "पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या, "हळू."