ऊर्मी

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर सकाळी ती हमखास भेटते. खाली कल्याणहून भरून आलेली फास्ट लोकल उभी असते आणि जिना उतरणाऱ्याच्या कानात ती एकच शब्द टाकते, "मिळेल!" तेवढ्यावर पाय सुटतात. इंडिकेटरवरची पुढची गाडी, निघताना घरच्यांना दिलेला शब्द, सगळं मागे राहतं. कॉलेजच्या पोराला ती ओढते, तशीच निवृत्तीला टेकलेल्या काकांनाही. तिचं आयुष्य जेमतेम श्वासभराचं. गाडी हलते, हात दांड्याकडे जातो, एक पाय डब्यात, दुसरा अजून फलाटावर घासतोय. दारातलं कुणी अनोळखी दंड धरून आत खेचतं. तो खेचणारा हातही तिचाच. विचार करत बसला असता, तर वेळेवर पुढे आलाच नसता.

संध्याकाळी ती मवाळ होते. फडके रोडवर घरी जाता जाता थांबवते, गजरा घ्यायला लावते, काही काम नसताना मित्राच्या बिल्डिंगखाली उभं करून हाक मारायला लावते. तिचा हा स्वभाव मला फार आवडतो.

पण तिची थोरवी दिसली ती ठाणे जिल्ह्यातल्याच वांगणी स्टेशनात, १७ एप्रिल २०२१ रोजी. दृष्टिहीन आईबरोबर फलाटावरून चाललेलं मूल तोल जाऊन रुळांवर पडलं. आई जागच्या जागी चाचपडत राहिली. समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत सुटले, गाडीच्याच दिशेने. त्यांनी मुलाला वर ठेवलं, स्वतः चढले आणि पाठोपाठ गाडी धडधडत गेली. आपलाही जीव जाऊ शकतो, हे धावताना मनात आलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे भीतीही तिथे होती. ऊर्मी तिच्यापुढे गेली. पुढे मिळालेल्या ५०,००० रुपयांच्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी त्या मायलेकरांना देऊ केला. तेव्हा तर विचार करायला भरपूर वेळ होता.

पुलावर चार मिनिटांसाठी आपला जीव पणाला लावायला सांगणारी आणि वांगणीत परक्याच्या लेकरासाठी धावलेली, दोघी एकच. म्हणून सुटलेल्या गाडीसाठी तिचं ऐकू नका, मागून दुसरी लोकल येते. फलाटावर कुणी धडपडलं, तर मात्र तिला अडवू नका.