माया आधी गेली

आत्या, तुला शेवटपर्यंत खूप काही आठवत होतं. कुणाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणी पाठवले, दादांना कोणती भाजी चालत नाही, सगळं. आणि त्याच दादांची, तुझ्या पाठच्या भावाची, तिरडी अंगणात बांधत होते तेव्हा तू आत येऊन विचारलंस, "आज शिरा नाही का केला?" बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. दगडाच्या काळजाची झाली, म्हणाल्या. शेजारचं पोर तापलं तरी जिच्या घशाखाली घास उतरत नसे, ती तू!

तुझ्या आजाराचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा मेंदू झडत जातो. या कुळातल्या आजाराची नोंद प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी १८९२ सालीच केली होती. तरी आजही घरोघरी आधी स्वभावालाच बोल लागतो, कारण हा आजार पुष्कळदा पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान गाठतो आणि सुरुवातीला विसरभोळेपणाची खूणही सहसा दिसत नाही. तुझ्या बाबतीत पाळी गेल्यामुळे असं होतंय, असं म्हटलं गेलं.

मेंदूच्या खोल घडीत, इन्सुलाच्या पुढच्या भागात, चातीच्या आकाराच्या लांबट पेशी असतात. त्यांना फॉन इकोनोमो यांचं नाव आहे. या आजारात त्या फार लवकर मरतात. दुसऱ्याच्या दुःखानं आपल्या पोटात कालवतं, त्या कालवण्याशी या भागाचा जवळचा संबंध. तुला दादांचं मरण कळलं होतं, आत्या. ते फक्त पोटापर्यंत पोचलं नाही.

अल्झायमरमध्ये पुष्कळदा याच्या उलट घडतं. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा रुग्णांना दुःखी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते धड सांगता येईना, पण मन उदासच राहिलं. प्रसंग पुसला, भावना उरली. ज्या घरांतली म्हातारी माणसं नावं विसरतात, पण आपल्या माणसाला बघून खुलतात, त्या घरांचा मला हेवा वाटायचा. असं म्हणायला जीभ धजत नाही. पण वाटायचा.

तू मात्र माझं नाव नेमकं घ्यायचीस. त्या हाकेत ओल नसायची. एकदा तुझ्यासमोर मी हुंदके देत होते, आणि तू टीव्हीचा आवाज वाढवलास. तेव्हा मला राग नाही आला. भीती वाटली.

तू गेल्यावर आम्ही सुतक पाळलं, दहावं-तेरावं रीतसर केलं. पण तुझी माया त्याच्या कितीतरी आधी गेली होती. तिची तिथी कुणाला ठाऊक नाही, तिच्या नावानं कुणी पान वाढलं नाही. आत्या, आज मी रडते आहे ती तिच्यासाठी.