खर्जातला गंधार

पहाटे गवसणी काढतो तेव्हा तंबोरा रात्रीच्या हवेने उतरलेला किंवा चढलेला असतोच. जुलैत खुंट्या फुगून अडतात, मार्चच्या कोरड्या हवेत त्याच सुटतात. मग खडू लावायचा आणि पुन्हा बसवायच्या. सुरुवात जोडापासून. दोन पोलादी तारा, एकच षड्ज. माझी पट्टी काळी एक. एक तार सेकंदाला १३८ वेळा कंप पावत असेल आणि दुसरी १३९, तर सेकंदाला एक लाट कानावर येते. खुंटीने तार जवळ आणायची, पुढचं काम मण्याचं. मणी जरासा खाली दाबला की लाट लांबते, दोन सेकंदांची होते, पाचांची होते, आणि मग दोन तारा उरतच नाहीत. तोवर आपण श्वास धरून ठेवला होता, हे सोडल्यावर कळतं.

तंबोरा लागला की अर्धं गाणं झालं, असं जुनी माणसं म्हणायची. मला ते ‘अर्धं’ पटत नाही. कितीतरी सकाळी मी नुसता तंबोरा लावतो, गात नाही, आणि काही राहून गेलंय असं वाटत नाही.

खरी गंमत खर्जात आहे. पितळी तार, घोडी आणि दोघींच्या मधला सुताचा दोरा. घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला सतत शिवत राहते, म्हणून आवाज खुलतो. साध्या तारेला जिथे छेडाल तिथे स्थिर बिंदू असलेले स्वरांश उमटत नाहीत. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१च्या निबंधात मांडलं. दोरा केसभर पुढे सरकवला की खर्जाच्या पाचपट कंपनांचा गंधार वर येतो. कुठल्याच तारेवर नसलेला. पेटीचा गंधार त्याच्याहून किंचित चढा असतो. एकदा हा ऐकला की तो बोचू लागतो.

एका दुरुस्तीत माझी घोडी जास्त घासली गेली आणि तंबोरा सहा महिने मुका झाला. शेवटी मिरजेला नेला. तिथले कारागीर कानस एकदा फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, भोपळ्याला कान लावायचे. “अजून बोलत नाही,” म्हणून तार पुन्हा उतरवायचे. दुपारभर हेच. पंढरपूरकडच्या भोपळ्याला लावलेला तो कान मी विसरलेलो नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी तोच आठवला.

भाचा सुट्टीत येतो आणि रात्री मित्रांबरोबर मोबाइलवर लढाईचा गेम खेळतो. हेडफोनमधून शत्रूची पावलं डावीकडून येताहेत की उजवीकडून, एवढंच तो ऐकत असतो. मान किंचित कललेली, डोळे स्थिर. ताई ओरडते, मी तिला थांबवतो. इतकं मन लावून कुणी ऐकत असताना मला हाक मारवत नाही.

आज गंधार लवकर लागला. तेवढ्यात सर आली, खिडकीतून ओल आत शिरली. पंचम उतरलाय. मधलं बोट त्याच्यावर ठेवून मी पुन्हा मण्याकडे वळतो.