एडिनबरातला गवती चहा

एडिनबराच्या दुकानांत गवती चहा मिळतो, पण नुसत्या जाड, पांढऱ्या कांड्या. आमच्या चहात पडते ती हिरवी पात. ती हवी म्हणून मी बी पेरायला लागले.

आपल्या परसातला गवती चहा क्वचितच फुलतो; ठोंब फोडूनच तो वाढवतात. पाकिटात येतं ते बहुधा त्याच्या भावंडाचं बी, केरळात तेलासाठी लावतात त्या जातीचं. वास तसाच लिंबाचा, कारण दोघांच्याही तेलात मुख्य भाग सिट्रलचा.

मार्चमध्ये इथली माती हाताला गार लागते आणि या बियांना नेमकी मातीतच ऊब हवी, निदान 20 अंश. हीटरने खोली तापते, खिडकीतल्या ट्रेमधली माती थंडच राहते. म्हणून मी ट्रेखाली विजेवर तापणारी चटई ठेवते. मग दोनेक आठवड्यांत केसासारखी बारीक पाती वर येतात. कितीदाही पाहिली तरी मला तेव्हा फार आनंद होतो.

लिंबाच्या वासाची तुळस लवकर उगवते, पण ती फारच नाजूक. पारा 10 अंशांखाली गेला की पानं काळवंडतात. इथे ऐन जुलैतही दुपारचं सरासरी तापमान 19 अंशांच्या आसपास, त्यामुळे तिचा मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीतच. काकडीच्या कोशिंबिरीत ती मला कोथिंबिरीहूनही आवडते.

या हवेत खरं रमतं ते पुदिन्याच्या कुळातलं लेमन बाम. बी अगदी बारीक, त्याला उजेड लागतो. म्हणून मातीने झाकायचं नाही, वरून नुसतं दाबायचं. हिवाळ्यात झाड वरून वाळतं, वसंतात मुळातून पुन्हा फुटतं. फुलोरा मात्र वेळेवर छाटावा, नाहीतर बी पडून वाफाभर तेच होतं. याची पानं उकळली की वास उडतो. गॅस बंद करून, पानं टाकून झाकण ठेवायचं.

ऑक्टोबरात गवती चहाच्या कुंड्या घरात येतात. पात वीतभर ठेवून कापते, पाणी अगदी बेताचं. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. काही ठोंब तगतात, काही जातात. बियांपासून सुरुवात करणाऱ्यांना मी लेमन बामच सुचवते. पण दूध घालून उकळलेल्या चहात त्याचा वास टिकत नाही, गवती चहाचा टिकतो. त्यासाठी मार्चमध्ये चटई पुन्हा निघते.